माजघरातून : सही करण्याआधी

हरभऱ्याला घाटे धरलेत, ज्वारी पोटऱ्यांतून बाहेर पडते आहे, आणि कारखान्याच्या ऊसगाड्या रात्रभर गावातून जातात म्हणून डोळ्याला डोळा लागत नाही. अशाच एका रात्री उठून बसले आणि दुपारी आलेलं पाकीट फोडलं. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. शेवटी नावाआधी 'गं. भा.' लिहून खोडलेलं. मग 'श्रीमती' लिहिलेलं, तेही खोडलेलं. मग नुसतं नाव.

भगिनींनो, त्या खोडाखोडीपाशीच मी बराच वेळ थांबले. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईनं आपलं नाव कसं लिहावं, हेसुद्धा अजून आपल्याकडं ठरत नाही. २०२३ सालच्या एप्रिलमध्ये 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा विचार राज्याच्या एका मंत्र्यांनी पुढं आणला होता. त्यावर इतकी टीका झाली की सांगता सोय नाही. मला विचाराल तर बाईला तिच्या नावानं हाक मारावी.

पत्र लिहिणारी भगिनी सव्वीस वर्षांची आहे. मुलगी चार वर्षांची. नवरा फौजेत होता, दोन वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये कामी आला. तिच्या परवानगीनं, गाव-नाव वगळून, पत्रातला मजकूर तुमच्यापुढं ठेवते आहे. तिला उत्तर मी दुसऱ्याच दिवशी सकाळी फोनवर दिलं, कारण तिला वेळ नव्हता. पण असल्या पत्राचं उत्तर एकीपुरतं नसतं.

ती लिहिते, "काकू, त्यांना आणलं त्या दिवशी गावात मुंगी शिरायला जागा नव्हती. तिरंगा होता, बंदुकांची सलामी झाली, पुढारी आले. चौकाला त्यांचं नाव दिलं. पंधरा ऑगस्टला मला शाळेत बोलावतात, खुर्चीवर बसवून साडी-नारळ देतात. पण संक्रांतीला शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं, मला बोलावणं नाही. मुलीला बोलावलं. ती वाण घेऊन आली आणि म्हणाली, आई तू का नाही आलीस?"

आणि मग खरी गोष्ट. सासरे वारल्यावर साडेचार एकर बागायत तिघांच्या नावावर लागली : सासूबाई, थोरले दीर आणि तिचा नवरा. आता दीर म्हणतात, "तुला सरकारची पेन्शन आहे, आम्हाला जमिनीशिवाय काय आहे? तेव्हा हक्कसोड करून दे. सोमवारी तालुक्याला जायचंय." सासूबाई काही बोलत नाहीत, चुलीपुढं बसून राहतात. माहेरचे म्हणतात, भांडू नकोस, त्या घरात राहायचंय तुला. ती विचारते, "सही करू का?"

मी तिला सांगितलं, सोमवारी जाऊ नकोस. ताप आलाय म्हण, काहीही म्हण, पण जाऊ नकोस.

असं तडकाफडकी का सांगितलं, त्याला माझ्या घरातलं कारण आहे. माझी एक मावशी होती. तिचा नवरा १९७१ च्या डिसेंबरात गेला. तेरा दिवसांचं युद्ध, आणि तार आली तेव्हा युद्ध संपूनही गेलं होतं. लोक फटाके वाजवत होते. मावशी एकोणीस वर्षांची होती. चौकटीत उभी राहून ती तार हातात धरून होती, वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला गुरुजींना बोलावणं गेलं, आणि गुरुजी येईतो ती तशीच उभी. मग बायकांनी तिला ओढ्यावर नेलं आणि बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात गेली, तो वण शेवटपर्यंत होता.

पुढं पेन्शन सुरू झाली. दर महिन्याला सासरे तिला यष्टीनं तालुक्याच्या ट्रेझरीत नेत. ती अंगठा उठवी, नोटा सासरे मोजत. येताना तिला कधी शेव-चिवड्याचा पुडा मिळे. किती पैसे येतात हे तिला सात वर्षं माहीत नव्हतं. सासरे वाईट नव्हते, घरात खाणारी तोंडं दहा होती, त्या पैशातून नणंदेचं लग्न झालं, मोटेच्या जागी इंजिन बसलं. पण तिला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं' असं मी म्हणणार नाही, कारण पीठ घरच्यांनीच खाल्लं. आंधळं दळत होतं एवढं मात्र खरं.

१९७८ च्या ऑक्टोबरात देशभर प्रौढशिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर आमच्याकडं देवळात कंदिलावर वर्ग भरू लागला. मावशी तिथं सही शिकली. पहिली सही तिनं ट्रेझरीत केली आणि कारकुनाला म्हणाली, "भाऊ, पैसे माझ्या हातात द्या." त्या महिन्यात घरात चूल पेटली नाही इतकं भांडण झालं. पण पैसे तिच्या हातात राहिले. जमीन मात्र तोवर गेली होती. आधीच कधीतरी एका कागदावर अंगठा घेतला होता, तो कशावर होता हे तिला नंतर कळलं. म्हातारपणी तिला पडवी आणि वर्षाची ज्वारी एवढंच होतं. दिराचे मुलगे तिला चांगलं वागवीत, हे सांगितलं पाहिजे. पण चांगलं वागवणं हे त्यांच्या मनावर होतं, तिच्या हक्कावर नव्हतं.

आपला मुलूख फौजेचा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे शेहेचाळीस जवान गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर १९४४ साली पडलेले नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावला कचेरीपुढं आहे. १९६२ झालं, १९६५ झालं, १९७१ झालं. १९९९ च्या कारगिलमध्ये देशाचे ५२७ जवान कामी आले. आणि ज्याला युद्ध म्हणून नाव नाही अशा चकमकींत दरसाल कुणी ना कुणी जातंच. प्रत्येक पुतळ्यामागं आणि प्रत्येक फलकामागं एक घर असतं, आणि त्या घरात एक बाई, बहुतेक वेळा तिशीच्या आतली. तिचं पुढं काय झालं हे फलकावर लिहीत नाहीत.

१९७१ च्या युद्धानंतर, १९७२ साली, दिल्लीत डॉ. मोहिनी गिरी यांनी युद्धात नवरे गमावलेल्या बायकांसाठी संघटना काढली. बाईला नुसता धीर देऊन भागत नाही, तिला हातात काम आणि कागदाची माहिती लागते, या वाटेनं ते काम चाललं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच कुणाला तरी हे दिसलं होतं.

आता दिरांच्या बोलण्याकडं येऊ. ते सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. शेतीवर भागत नाही हे तुम्हाला मी काय सांगू? थोरला भाऊ रानात राबला म्हणून धाकटा भरतीला जाऊ शकला, हेही बऱ्याच घरांत खरं असतं. त्याला वाटतं, वहिनीला दरमहा पैसे येतात, उद्या ती दुसरं घर करील आणि जमीन परक्याच्या दारात जाईल. ही भीती बोलून दाखवली जात नाही, 'हक्कसोड कर' एवढंच बोललं जातं. पण पेन्शन ही जवानाच्या जिवाची आहे आणि जमीन ही वारशाची. एकीच्या बदल्यात दुसरी सोड, असा सौदा कायद्यात कुठं नाही.

कायदा काय म्हणतो ते बोटांवर मोजण्याइतकं सोपं आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याचा वाटा त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा जातो. भाऊ त्यात नाही. आता या घरचं गणित घ्या. साडेचार एकरांत तिघांचा सारखा वाटा धरला तर नवऱ्याचा दीड एकर, म्हणजे साठ गुंठे. त्याचे वारस तिघं : बायको, मुलगी, आई. प्रत्येकी वीस गुंठे. वडिलोपार्जित जमिनीत वाट्याचा हिशेब थोडा फिरू शकतो, ते वकील कागद पाहून सांगेल, पण वारस हेच.

यातले वीस गुंठे चार वर्षांच्या पोरीचे आहेत. ते हक्कसोड करून देण्याचा अधिकार तिच्या आईलासुद्धा नाही. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत आईबापांनाही कोर्टाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "म्हणजे काकू, मी सही केली असती तर पोरीचंच घालवायला निघाले असते?" तेव्हा ती रडली. स्वतःच्या वाट्याबद्दल नव्हती रडली.

वारसनोंद झाली नाही म्हणून हक्क बुडत नाही, आणि फेरफारात नाव आलं म्हणून कुणी मालक होत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. पण नाव लावून घ्यावं. वारसा मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायची असते. उशीर झाला तरी देता येते. मग संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, कुणी हरकत घेतली तर मंडळ अधिकारी चौकशी करून निकाल देतात. मुलीच्या नावापुढं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागतं. आणि दिरांच्या नावापुढं कुठं 'ए.कु.मॅ.' दिसलं तर घाबरू नये. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, पण कित्येक घरांत हे तीन अक्षरांचं अंतर कुणी समजावून सांगत नाही.

हक्कसोडपत्राचं तसं नाही. ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं जातं आणि एकदा नोंदलं की मागं फिरायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. वर्षानुवर्षं. म्हणून त्याच्या आधीचा आठवडा फार महत्त्वाचा.

दुसरं घर करण्याबद्दल तिनं पत्रात एक ओळ लिहिली आहे आणि तीही अर्धी खोडली आहे. तिला कुणी विचारलेलं आहे असं दिसतं. मी खोदून विचारलं नाही. पण या बाबतीत आपल्या लोकांचा एक गैरसमज पक्का आहे, की लग्न केलं की सगळं जातं. तसं नाही. नवऱ्याकडून वारशानं आलेला वाटा पुनर्विवाहानं परत जात नाही; सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली तसा निकाल दिलेला आहे. पेन्शनचं मात्र एकच एक उत्तर नाही. ती कोणत्या प्रकारची आहे, मूल आहे का, मुलाचा सांभाळ ती करते का, यावर नियम बदलतात. ते ऐकीव माहितीवर ठरवू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनच्या हुकमाची प्रत दाखवून लेखी विचारावं.

या नियमांतलीच एक गोष्ट सांगते, म्हणजे सरकारदरबारीही मन कसं चालायचं ते कळेल. शौर्यपदकाबरोबर जो भत्ता मिळतो तो पूर्वी विधवेनं पुन्हा लग्न केलं की बंद होई. १९९५ साली त्यात सवलत आली. काय सवलत? तर तिनं मेलेल्या नवऱ्याच्या भावाशीच लग्न केलं तर भत्ता चालू राहील! पंजाब-हरियाणाकडं दिराशी लग्न लावण्याची चाल आहे, करेवा म्हणतात. पण मूळ विचार तोच, पैसा घरातच राहावा. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. आता ती कुणाशीही लग्न करो, भत्ता हयातभर मिळतो. बावीस वर्षं लागली एवढ्याला.

आणि पुनर्विवाहाची लाज आपण शेतकऱ्यांनी कुठून आणली, हे मला कळत नाही. कायदा तर १८५६ चा. पण कायद्याच्या आधीपासून कुणबी, माळी, धनगर यांच्यात पाट लावायची, मोहतूर लावायची रीत होती. तरण्या बाईनं जन्मभर कोपऱ्यात बसावं असं आपल्या पणज्या म्हणत नव्हत्या. घराणी मोठी झाली, चार पैसे आले, आणि पाट बंद झाला. शिकलेल्यांनी आपलं चांगलं घेतलं आणि आपण त्यांचं टाकलेलं उचललं.

हळदीकुंकवाचंही तेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेच करायला सांगितलं. आणखी काही गावांनी ठराव केले. ठरावानं मन लगेच बदलत नाही हे मलाही कळतं. पण ओढ्यावर नेणाऱ्या बायकांना 'आमच्या गावात हे चालत नाही' असं म्हणणारी एक जरी बाई उभी राहिली, तर तिच्या पाठीशी कागद असतो. माझ्या मावशीच्या वेळी तो नव्हता.

जवानाच्या घरच्यांनी काही गोष्टी माणूस हयात असतानाच बघून ठेवाव्यात. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये झालीच पाहिजे. मराठा पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार पलटणीचं मध्य प्रदेशात सागरला. भरतीच्या वेळी पोरगा अठराचा असतो, वारस म्हणून आईचं नाव लावतो. लग्नानंतर ते बदलायचं किंवा वाटून द्यायचं राहून जातं, आणि मागं सासू-सुनेत वैर उभं राहतं. सुट्टीवर आला की जत्रा, लग्नं, शेताची कामं यांत महिना जातो. त्यातली एक दुपार यासाठी काढा. त्याच दुपारी तलाठ्याकडंही जाऊन या. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरलं आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत कित्येक शेतकऱ्यांनी हयातीतच बायकोच्या नावावर जमीन केली, हे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वेळी हसणारेही होते.

कुणी म्हणेल, काही वीरपत्नी किती पुढं गेल्या बघा. खरंच आहे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन लहान मुलं असताना परीक्षा दिली, चेन्नईला खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. ऊर भरून येतो. पण प्रत्येकीकडून ही अपेक्षा करू नये. दहावी झालेल्या, लेकरू कडेवर असलेल्या बाईला दोन म्हशी, शिलाई यंत्र आणि आपल्या नावाचं बँकेचं पुस्तक एवढं मिळालं तरी ती उभी राहते.

सासूबाईंबद्दल राहिलं. फोनवर मी तिला विचारलं, त्या कधी बोलतात का? ती म्हणाली, रात्री मुलीला कुशीत घेऊन झोपतात आणि झोपेत मुलाचं नाव घेतात. मग मला वाटलं, त्या चुलीपुढं गप्प बसतात ते दिराच्या बाजूनं नसेलही. त्यांना एकच धास्ती असेल, सून गेली की नातही जाईल. मी तिला म्हटलं, जमिनीचं बोलू नकोस आधी. आधी त्यांना सांग की नातीला तुमच्यापासून तोडणार नाही, आणि पेन्शनमधून दरमहा अमुक रुपये तुमच्या हातात देईन, औषधाला, देवाला, तुमच्या मर्जीला. आणि ते उघड द्यायचं, दिरांच्या देखत. त्यांचेही वीस गुंठे निघतात हे त्यांना कुणी सांगितलंय का, तेही बघ. वीरमाता म्हणून त्यांनाही मंचावर बसवलं होतं, पण जमिनीच्या गोष्टीत त्यांनाही कुणी विचारलेलं नाही.

सोमवार गेला. ती तालुक्याला गेली नाही. दीर दोन दिवस जेवले नाहीत असं तिनं कळवलं. तिसऱ्या दिवशी म्हणे सासूबाईंनी चुलीपुढूनच विचारलं, "माझ्या नावावर किती हाय रं?" दिरांनी उत्तर दिलं नाही, पण ताट पुढं ओढलं.

पोरी, हा अंक तुझ्या हाती पडेल तेव्हा संक्रांत जवळ आली असेल. तलाठ्याकडं जायच्या आधी एकदा माझ्याकडं येऊन जा. येताना सातबारा, आठ-अ, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि पेन्शनचा हुकूम घेऊन ये. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत, ते कागद बघून देतील. सासूबाई येत असतील तर त्यांनाही आण. आमच्या घरी हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि यंदा वाणाला मातीची सुगडं सांगितली आहेत. तुम्हा तिघींचीही.